झोळ कुणाच्या खात्यावर? टांगत्या बिछान्यांच्या आरामाचे विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

दोन टोकांना टांगलेल्या कापडात माणूस आडवा झाला की झोळ पडतोच. कापड कितीही ताणा, दोर कितीही आवळा, वजन खाली ओढणार आणि ते पेलण्यासाठी दोराला तिरकस व्हावेच लागणार. म्हणून कॅम्पिंगच्या झोळ्यांची तुलना करताना ‘यातली सर्वांत आरामशीर कोणती?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. प्रत्येक घडणीत झोळ कुठेतरी जिरवलेला असतो. कुठे तो पाठीत उतरतो, कुठे खांद्यांवर येतो, कुठे झाडावरच्या ताणात जातो, तर कुठे पाठपिशवीच्या वजनात. इतवारीसारख्या व्यापारी पेठेतल्या माणसाला सांगायचे तर ही खतावणी आहे: रक्कम ठरलेली आहे, ती कुणाच्या नावे टाकायची एवढेच आपल्या हाती आहे.

नागपूरच्या इतवारीत हा हिशेब जुनाच आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इथल्या जुन्या घरांत सागवानी तुळईच्या कड्यांना बंगई, गच्चीवर बाज आणि माजघरात तान्ह्या बाळासाठी साडीची झोळी, ही तीन साधने एकाच छपराखाली नांदली. तिन्ही झोळाच्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. बाहेरून आलेल्या कॅम्पिंगच्या झोळ्या समजून घ्यायला ती आधी पाहिलेली बरी.

२. घरातली उत्तरे

बाजेत दोऱ्या चारही बाजूंनी ताणलेल्या असतात, पण तो ताण लाकडी चौकट आपल्यातच मिटवते. पायांवर येते ते फक्त उभे वजन. विणकाम वापराने सैलावते, म्हणून पायथ्याशी न विणलेला पट्टा ठेवून तिथल्या दोऱ्या अधूनमधून आवळतात. झोळ नाहीसा होत नाही, पण काही बोटांपुरता राहतो आणि हवा तेव्हा कमी करता येतो. याची किंमत म्हणजे चौकटीचे वजन. गच्चीवर ती किंमत शून्य असते, कारण बाज कुठे न्यायचीच नसते. रानात पाठीवर न्यायची म्हटली तर तीच किंमत परवडणारी राहत नाही.

बंगईत फळी ताठ असते, तेव्हा झोळ नाहीच. साखळ्या सरळ खाली येतात, त्यामुळे तुळईवर फक्त उभा भार पडतो आणि आडवी ओढ जवळपास नसते. मात्र फळी कडक असल्याने खांदा, कंबर आणि टाच यांवर दाब एकवटतो, त्यासाठी गादी टाकावी लागते. बंगईचा खरा आराम तिच्या हलण्यात आहे. त्याकडे पुढे येऊ.

बाळाच्या झोळीत सगळा झोळ अंगावर येतो. बाळ गोळा होऊन पडते. कापड तोंडावर मिटू नये म्हणून उशाकडे आडवी काठी घालतात. ही साधी काठी लक्षात ठेवावी, कारण पुढे येणाऱ्या दांड्यांच्या दोन घडणी तिच्याच मोठ्या बहिणी आहेत. हनुवटी छातीला टेकली की तान्ह्याच्या श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून बाळाला सपाट आणि टणक बिछान्यावर उताणे झोपवावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हाच वाक जिवावर बेतत नाही, पण त्याने मान आणि कंबर धरते.

चौथे उदाहरण घरातले नाही, रस्त्यावरचे आहे. माल उतरेपर्यंत थांबलेल्या ट्रकखाली क्लीनर चेसिसला चादर किंवा ताडपत्रीचा तुकडा बांधून दुपार काढतो. तो कसा झोपतो ते नीट पाहावे. टांगायच्या दोन जागांमध्ये अंतर तोकडे, वर लोखंड, खाली डांबर. त्यामुळे चादर आखूड बांधलेली असते. गुडघे वर, पाठ कमानीसारखी वाकलेली, एक हात बाहेर लोंबता. घटकाभराच्या डुलकीला हे चालते. रात्रभर असे झोपता येत नाही, कारण त्यात कूस बदलायला जागाच नसते. आखूड झोळी वाईट का, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही.

३. ताणाचे गणित

झोळीच्या प्रत्येक दोरावर येणारा ताण दोन गोष्टींवर ठरतो: माणसाचे वजन आणि दोराचा आडव्या रेषेशी असलेला कोन. ७० किलोचा माणूस धरू. दोर ४५ अंशांत उतरत असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे ५० किलोचा ताण येतो. ३० अंशांत तो बरोबर ७० किलो होतो. कोन १५ अंशांवर आणला की १३५ किलो, १० अंशांवर २०० किलो आणि ५ अंशांवर ४०० किलो. झोळ कमी करण्याच्या नादात दोर आवळणारा माणूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ झाडावर, कडीवर आणि शिवणीवर लादत असतो. धपकन बसले की त्यात आणखी भर पडते.

आवळलेल्या झोळीत आरामही वाढत नाही. कापडाच्या कडा ताठ होऊन खांदे आत दाबतात आणि मधला भाग तरीही खाली जातो. म्हणून ३० अंशांचा कोन हा रूढ मध्यममार्ग आहे.

घरात टांगणाऱ्याने इथे जास्त सावध राहावे. ३० अंशांवर ७० किलोच्या माणसाची आडवी ओढ सुमारे ६० किलो असते, १० अंशांवर ती २०० किलोच्या जवळ जाते. गच्चीचा अर्ध्या विटेचा कठडा किंवा विटांचा सुटा खांब अशा ओढीसाठी बांधलेलाच नसतो. तो आतल्या बाजूला, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावर कोसळतो. बंगईच्या कड्यांनाही झोळी बांधू नये. त्या उभ्या भारासाठी ठोकलेल्या असतात आणि त्यांच्यातले अंतरही प्रौढ माणसाला पुरत नाही.

जागेचा हिशेबही याच गणितातून निघतो. सुमारे ११ फूट, म्हणजे ३३५ सेंटिमीटर लांबीच्या कापडाची दोन टोके २७८ सेंटिमीटरवर धरून ठेवली तर झोळ साधारण ९० सेंटिमीटरचा पडतो. लांबीच्या ८३ टक्के हे प्रमाण झोळी वापरणाऱ्यांत रूढ आहे. त्यासाठी टोकापासून टोकापर्यंत ठरावीक मापाची दोरी बांधतात. झाडे जवळ असोत की लांब, झोळ तोच राहतो, जादा ताण ती दोरी झेलते. बसण्याची उंची दीड फूट धरली आणि झाडे सव्वाचार मीटरवर असली, तर पट्टे जमिनीपासून सहा फुटांच्या आसपास बांधावे लागतात. इतवारीतली १० बाय १२ फुटांची खोली सरळ रेषेत यासाठी अपुरी पडते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मात्र साडेपंधरा फूट मिळतात.

४. आरामाचे निकष

‘आराम’ हा एकच गुण मानला की तुलना फसते. त्याचे किमान सहा भाग करावे लागतात. कणा किती वाकतो. दाब अंगभर पसरतो की एका जागी साचतो. खांदे आणि गुडघे यांवर बाजूची ओढ किती येते. कूस बदलता येते का. बिछाना स्थिर आहे का. आणि पाठीखाली हवेचे काय होते. याशिवाय वजन, बांधायला लागणारा वेळ आणि लागणारी जागा हे खर्चाचे रकाने. कोणतीही घडण सहाही निकषांवर पहिली येत नाही.

५. घडणींची तुलना

चुण्यांची झोळी. कापडाची दोन्ही टोके चुण्या घालून आवळलेली, ही सर्वांत साधी आणि हलकी घडण. सरळ मध्यरेषेवर झोपले तर अंग केळ्याच्या आकाराचे होते, टाचा वर जातात आणि गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात. उपाय तिरके झोपण्याचा आहे. डोके मध्यरेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला नेले की अंगाखालचे कापड बरेच सपाट होते. पण तिरके झोपायला रुंदी लागते. कापडाचा पन्ना ५८ ते ६० इंच हवा. साडीचा पन्ना ४५ इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे लांबी भरपूर असूनही मोठ्या माणसाला तीत तिरके होता येत नाही. लांबीचेही तसेच. ९ फुटी झोळी पिशवीत मावते आणि स्वस्त पडते, पण तिच्यात तिरके झोपले तरी पोटऱ्यांखाली ताठ कड येते. ११ फुटी कापडात ती कड बरीच विरते. इथे झोळ कापडाच्या लांबी-रुंदीच्या खात्यावर टाकला आहे. पाठीवर झोपणाऱ्याला ही घडण उत्तम, कुशीवर झोपणाऱ्याला चालण्याजोगी, पोटावर झोपणाऱ्याला निरुपयोगी.

जाळीची झोळी. मेक्सिकोच्या युकातान भागातली ही विणलेली जाळी फार रुंद असते, तिच्यात जवळजवळ आडवेही झोपता येते. बारीक सुताचे शेकडो धागे अंगाच्या वळणाप्रमाणे सरकतात, त्यामुळे दाब सर्वांत चांगला पसरतो आणि वारा आरपार जातो. नागपूरच्या मे महिन्यात घरात टांगायला याहून थंड बिछाना नाही. खर्चाची बाजू अशी: जाळी जड असते, बटणात आणि पैंजणात अडकते, एक धागा तुटला की भोक वाढत जाते, आणि डासांना खालून मोकळे रान मिळते.

सपाट काठीची झोळी. दोन्ही टोकांना लाकडी दांडे घालून कापड किंवा जाळी पसरून धरलेली, रिसॉर्टच्या हिरवळीवर दिसते ती. दिसायला हीच सर्वांत आरामशीर. पण तिच्यात झोळ कमी असल्याने माणसाचे वजन दोन टांगणीबिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या फारसे खाली जात नाही. जरा कड बदलली की बिछाना त्या रेषेभोवती फिरतो आणि माणूस खाली. चुण्यांच्या झोळीत वजन रेषेच्या बरेच खाली लोंबत असल्याने ती उलटणे कठीण. म्हणजे सपाट काठीने पाठीचा झोळ कमी केला, पण तो स्थिरतेच्या खात्यावर टाकला. शिवाय कमी झोळ म्हणजे जास्त ताण. ही बसायची वस्तू आहे, रात्र काढायची नाही.

पुलाच्या घडणीची झोळी. इथेही दोन दांडे आहेत, पण कापडाच्या दोन्ही लांब कडा आत वळवून कापलेल्या असतात आणि त्या कडांमधून मजबूत पट्टे नेलेले असतात. भार पट्टे घेतात, मधले कापड खोलगट पाळण्यासारखे खाली बसते. अंग टांगणीबिंदूंच्या रेषेखाली राहते, म्हणून ती सहसा उलटत नाही. अंग सरळ राहते, कुशीवर झोपता येते, आणि फोमची चटई आत सरळ बसते. कंबरदुखीच्या माणसाने आधी हीच आजमावावी. झोळ मात्र दोन ठिकाणी निघतो: रुंद खांद्यांच्या माणसाला उशाकडे दोन्ही बाजूंनी दाब जाणवतो, आणि दांड्यांमुळे वजन काही शे ग्रॅमने वाढते. काही घडणींत दांड्यांऐवजी चालायच्या काठ्या वापरता येतात. वर ताणायची ताडपत्रीही रुंद लागते, कारण दांड्यांचे कोपरे तिला टेकतात.

आडवी झोळी. नॉर्वेत तयार झालेल्या या प्रकारात माणूस दोन झाडांच्या रेषेला काटकोनात झोपतो. आत फुगवलेली गादी सरकवावी लागते, तीच सपाटपणा देते. कणा जवळजवळ बिछान्यावरच्यासारखा राहतो आणि दोऱ्या ओढून तिची खुर्चीही करता येते. पण गादी फुटली तर आरामही संपला. वजन आणि किंमत दोन्ही जास्त.

जहाजावरची झोळी ही याच मालिकेतली ऐतिहासिक कडी. १४९२ मध्ये कोलंबसाला कॅरिबियन बेटांवर लोक जाळीत झोपलेले दिसले. पुढे १५९७ पासून इंग्रजी आरमारात झोळ्या रूढ झाल्या. तिथे एका खलाशाच्या वाट्याला टांगायला १४ इंच रुंदी येई. झोळ्या इतक्या खेटून टांगल्यावर तिरके झोपण्याचा प्रश्नच नव्हता. सरळ झोपायचे आणि कापड अंगाभोवती मिटू द्यायचे. जहाज डोलत असताना मात्र तोच मिटलेला आकार खलाशाला बाहेर फेकला जाऊ देत नसे. जागेच्या टंचाईत पाठीचा आराम दिला आणि सुरक्षितता घेतली, हा तो सौदा.

६. हवेचा हिशेब

नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या घरात असते आणि ४५ ओलांडणेही नवे नाही. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. एकाच शहरात झोळीचा एकच गुण एकदा वरदान आणि एकदा शिक्षा ठरतो: पाठीखालची मोकळी हवा.

उन्हाळ्यात दुपारी हवा त्वचेपेक्षा गरम असते. वारा आरपार गेला तरी तो स्वतः थंडावा देत नाही, थंडावा देतो तो घामाचे बाष्पीभवन. सुती मांजरपाट घाम शोषून वाऱ्याला देते. पॅराशूटचे कापड तो शोषत नाही, त्यामुळे ते पाठीला चिकटते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओले सुती कापड कूलरच्या तत्त्वावर काम करते. जुलैत हवा दमट झाली की कूलर जसा निकामी होतो तसेच हेही. रात्री गच्चीवर आणखी एक गोष्ट घडते. दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अंग स्लॅबपासून उचलले की ही झळ कमी होते, मग बिछाना बाज असो की झोळी. गच्चीवर आधी पाणी शिंपायची रीत याच कारणासाठी.

थंडीत उलटे होते. स्लीपिंग बॅगमधला फुगवटा अंगाखाली चेपला जातो आणि चेपलेल्या कापसाला किंवा पिसाला ऊब धरता येत नाही. वरून तीन पांघरुणे घेऊनही कंबर गारठते. उपाय पांघरूण झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूने टांगण्याचा: कापडाला टेकेल, पण अंगाच्या वजनाने चेपणार नाही असे. घरातली जाड गोधडी चार कोपऱ्यांना दोऱ्या लावून अशी बांधता येते. पाठीत टोचणाऱ्या डासांनाही ती अडवते, कारण अंगाशी ताणलेल्या एकेरी कापडातून डास सहज चावतात. पुलाच्या आणि आडव्या घडणीत हे काम चटई किंवा गादी करते. त्यांचे जादा वजन थंडीत अशा रीतीने वसूल होते.

७. हलण्याचा हिशेब

झोका माणसाला झोपवतो हे आजीला सांगावे लागत नाही, पण त्याला प्रयोगाचा आधारही आहे. २०११ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ पुरुषांना दुपारी ४५ मिनिटे हळू हलणाऱ्या बिछान्यावर झोपवले. स्थिर बिछान्यापेक्षा त्यांना लवकर झोप लागली आणि ती लवकर गाढ झाली. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातून अख्ख्या रात्रीचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. दोन्हींत झोक्याची गती सेकंदाला पाव आवर्तन, म्हणजे एका झोक्याला चार सेकंद अशी होती.

आता लंबकाचा नियम लावू. चार सेकंदांचा झोका हवा तर टांगणीची लांबी सुमारे चार मीटर लागते. दोन मीटर साखळ्यांच्या बंगईचा झोका पावणेतीन सेकंदांच्या आसपास पडतो. चुण्यांच्या झोळीत अंग टांगणीबिंदूंच्या रेषेखाली जेमतेम मीटरभर असते, म्हणून तिचा झोका दोन सेकंदांत पुरा होतो आणि शिवाय लवकर थांबतो. उंच छताच्या वाड्यातली बंगई या एका निकषावर प्रत्येक कॅम्पिंगच्या झोळीला मागे टाकते. तिची फळी कडक असूनही दुपारी तिच्यावर डोळा लागतो, तो यामुळे. रानात हा गुण पाठीवर नेता येत नाही. तिथे झोळीचा आराम मुख्यतः दाब पसरण्यातून मिळतो, हे मान्य करून निवड करावी.

८. झाडाचा हिशेब

नागपूरच्या परिसरातली जंगले पानगळीची. साग उन्हाळ्यात उघडा पडतो, त्याच्या सरळ खोडांत अंतर छान मिळते पण सावली मिळत नाही. मे महिन्यात आंबा किंवा जांभूळ शोधावे. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी नाहीत ना, हे वर मान करून पाहावे, कारण पट्टा हा त्यांच्यासाठी तयार रस्ता असतो. खोड जिवंत आणि किमान वीतभर जाडीचे हवे. वर वाळकी फांदी नको. बारीक दोर सालीत रुततो, म्हणून किमान एक इंच रुंदीचा पट्टा वापरावा. नायलॉनचा पट्टा ताणाखाली, विशेषतः भिजल्यावर, लांबतो आणि पहाटेपर्यंत कंबर जमिनीला टेकते. सुती नवार पावसात भिजून कुजते. ट्रकचा माल आवळायला वापरतात तसा पॉलिएस्टरचा पट्टा यात सर्वांत भरवशाचा. व्याघ्र प्रकल्पात ठरवून दिलेल्या जागांखेरीज मुक्काम करता येत नाही, तेव्हा झोळीचे रान बहुधा शेताच्या बांधावरचे किंवा तलावाकाठचे असणार.

९. निष्कर्ष

एवढ्या विवेचनातून चार नियम निघतात.

पहिला: जिथे वजन वाहायचे नाही तिथे चौकट सर्वांना जिंकते. इतवारीच्या गच्चीवर झोपायचे असेल तर कॅम्पिंगची महागडी झोळी नको, चांगली आवळलेली बाज घ्यावी. ती भिंत ओढत नाही, कठडा पाडत नाही आणि कुशीवर, पोटावर, कसेही झोपू देते.

दुसरा: वजन वाहायचे असेल आणि माणूस पाठीवर झोपणारा असेल, तर ११ फूट लांब, ५८ इंचांहून जास्त पन्न्याची चुण्यांची झोळी. शेजारच्या गांधीबागेतून पन्ना विचारून कापड घ्यावे आणि टोके आवळून ती घरीही करता येते, शिलाई फक्त कडांना लागते. लांबीत किंवा रुंदीत काटकसर केली की ती थेट पाठीतून वसूल होते.

तिसरा: कुशीवर झोपणाऱ्याने आणि कंबरदुखीच्या माणसाने दांड्यांचे वजन पत्करून पुलाची घडण घ्यावी. खांदे रुंद असतील तर विकत घेण्याआधी आत पडून पाहावे, आणि दोन मिनिटे नव्हे तर अर्धा तास. दाबाची तक्रार पहिल्या दहा मिनिटांत येत नाही.

चौथा: ऋतू आधी ठरवावा, घडण नंतर. उन्हाळ्यासाठी घेतलेली जाळी थंडीत गोधडीने सुधारता येते. थंडीसाठी घेतलेली दुहेरी पॅराशूटची झोळी मे महिन्यात कशानेही सुधारत नाही. नागपूरकराच्या वर्षात गरम रात्री जास्त असतात, म्हणून शंका असेल तिथे हवेशीर बाजूला झुकावे. ऊब मागाहून जोडता येते, वारा जोडता येत नाही.

विकणारा ‘एकदम सपाट’ म्हणाला तर त्याला एकच विचारावे: मग झोळ गेला कुठे? दांड्यांत, गादीत, पट्ट्यांच्या ताणात की स्थिरतेत, यांपैकी नेमके उत्तर मिळाले आणि ती किंमत आपल्याला परवडत असली, तरच झोळी घ्यावी.